मे महिन्यातली नदी

२ ऑगस्ट २०१६च्या रात्री मुंबई-गोवा महामार्गावरचा महाडजवळचा सावित्री नदीवरील पूल वाहून गेला. जयगड-मुंबई आणि राजापूर-बोरिवली या एसटीच्या दोन गाड्या आणि काही खासगी वाहने, पुढे रस्ता नाही हे कळायच्या आत, अंधारात थेट पाण्यात गेली. चाळीसच्या आसपास माणसे दगावली. काहींचे मृतदेह वाहत वाहत हरिहरेश्वर, आंजर्लेच्या किनाऱ्यापर्यंत गेले, काहींचे हाती लागलेच नाहीत. नौदल, तटरक्षक दल आणि एनडीआरएफची पथके दिवसेंदिवस शोध घेत होती. क्रेनला तीनशे किलोचे लोहचुंबक बांधून गढूळ पाण्याचा तळ चाचपावा लागला आणि बसगाड्यांचे सांगाडे सापडायला आठवड्याहून अधिक काळ गेला. कारण मात्र दुसऱ्या दिवशी सकाळीच सर्वांच्या तोंडी होते: महाबळेश्वरच्या डोंगरावर पाऊस कोसळला, सावित्रीला महापूर आला, पूल १९२८ सालचा, ब्रिटिशांच्या काळातला, दगडी कमानींचा, महापुराने म्हातारा पूल नेला. यातले एकही विधान खोटे नाही. तरीही हे स्पष्टीकरण लंगडे आहे, कारण पडलेल्या पुलाला अगदी लागूनच त्याच नदीवर, त्याच रात्री, तेच पाणी अंगावर घेत दुसरा पूल उभा होता. तो अलीकडच्या काळात बांधलेला होता, गोव्याकडे जाणारी वाहने त्याच्यावरून जात होती, आणि तो पडला नाही. जुन्या पुलावरून मुंबईकडची वाहतूक चालत असे. वाहून गेलेल्या दोन्ही एसटी मुंबईकडे निघाल्या होत्या त्या याचमुळे. पूर दोघांनाही सारखाच होता. फरक पुलांमध्ये होता, आणि त्या फरकाची नोंद कुणाकडे होती का, हा खरा प्रश्न आहे.

या प्रश्नाला तेव्हा एक उत्तर मिळालेही. सरकारतर्फे सांगण्यात आले की मे २०१६ मध्ये या पुलाची तपासणी झाली होती आणि पूल वाहतुकीला योग्य असल्याचे आढळले होते. लोक यावर चिडले. तपासणी कागदावरच झाली असणार, असाच बहुतेकांचा समज झाला. माझे म्हणणे वेगळे आहे. ती तपासणी प्रामाणिकपणे, नीट, पायी फिरून केली होती असे आपण क्षणभर धरून चालू. तरीही तिच्यातून जे कळायला हवे होते ते कळले नसते. मे महिन्यात सावित्री म्हणजे दगडगोट्यांमधून वाहणारी थोडीशी धार. तपासणारा अधिकारी कठडे पाहणार, कमानीच्या दगडांतल्या भेगा पाहणार, सांध्यांतला चुना कुठे गळाला ते पाहणार, दगडी बांधकामात रुजलेली झाडेझुडपे पाहणार. पात्राकडे नजर टाकली तर तळ सपाट, भरलेला, निर्धोक दिसणार. ऑगस्टमध्ये तोच तळ कुठे असेल, हे मे महिन्यात कुणालाच डोळ्यांनी दिसत नाही.

पुरात पूल कसा पडतो याचे आपल्या मनातले चित्र असे असते की पाण्याचा लोंढा येतो, पुलाला धडक देतो आणि पूल आडवा होतो. काही वेळा असे घडतेही, विशेषतः पाणी गाळ्यांच्या वर चढते आणि ओंडके, झाडे अडकून पूल धरणासारखा पाणी अडवू लागतो तेव्हा. पण बहुतेक वेळा घात वरून होत नाही, खालून होतो. प्रवाह खांबाला आपटला की त्यातले काही पाणी खांबाच्या तोंडाशी सरळ खाली तळाकडे उतरते, तिथे भोवरा तयार होतो, आणि तो भोवरा खांबाच्या दोन्ही बाजूंना वळसा घालून तळ उकरत जातो. समुद्रकिनाऱ्यावर ओसरत्या लाटेत उभे राहिले की टाचेखालची वाळू सरकते, तेच हे, फक्त टाचेच्या जागी हजारो टनांचा खांब. पाणी जितके खोल आणि वेगवान तितका खड्डा खोल. पूर उतरू लागला, वेग कमी झाला, की पाण्यातला गाळ, वाळू आणि गोटे त्याच खड्ड्यात येऊन बसतात. नदी स्वतःच्या हातांनी पुरावा बुजवते. उन्हाळ्यात पाहायला जाल तर जमीन सपाट असते. पण खांबाशेजारची ती जमीन आता ठासून बसलेली मूळ जमीन नसते, सैल भराव असतो. पुढच्या पुराला तो उपसायला फारसा वेळ लागत नाही. त्यातून दगडी कमानीचा पूल असेल तर चुकीला जागाच नाही. कमान आपला भार दोन्ही बाजूंना ढकलून उभी असते. शेजारच्या कमानी एकमेकींचा रेटा तोलून धरतात. मधला एक खांब थोडा खचला की तो तोल जातो आणि एकामागोमाग एक गाळे कोसळू शकतात. पोलादी तुळई वाकते, कुरकुरते, कधी कधी तास-दोन तास इशारा देते. दगडी कमान ती सवलत देत नाही.

हे ज्ञान नवे नाही, आणि परदेशातून आयात केलेले तर मुळीच नाही. पुलाखालचा तळ किती खोल उकरला जातो, या प्रश्नाचा जगातला सुरुवातीचा गंभीर अभ्यास भारतातल्या नद्यांवर झाला. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रेल्वेला पंजाब आणि बंगालच्या नद्या ओलांडायच्या होत्या आणि त्या नद्या दर पावसाळ्यात पात्र बदलत, खांब गिळत. बेल नावाच्या अभियंत्याने प्रवाहाला पुलाखालून सरळ वळवणाऱ्या बंधाऱ्यांची पद्धत रूढ केली; फ्रान्सिस स्प्रिंग यांनी १९०३ साली त्यावर ग्रंथ लिहिला. पद्मा नदीवरच्या हार्डिंज पुलाचे उद्घाटन १९१५ साली झाले तेव्हा त्याच्या खांबांच्या विहिरी उन्हाळी पाण्याच्या पातळीखाली दीडशे फुटांच्या आसपास उतरवल्या होत्या, कारण नदी आपला तळ कुठवर खोदू शकते याचा अभियंत्यांनी धसका घेतला होता. जेराल्ड लेसी यांनी भारतातल्या कालव्यांच्या आकडेवारीवरून, पुरात तळ सरासरी किती खोल जातो हे सांगणारे आपले प्रसिद्ध समीकरण १९३०च्या सुमारास मांडले. आणि त्यानंतरचा महत्त्वाचा टप्पा पुण्याजवळ खडकवासल्याला आला. मुंबई इलाख्याच्या सिंचन विभागाने १९१६ साली सुरू केलेल्या तिथल्या संशोधन केंद्रात क्लॉड इंग्लिस यांनी नद्यांच्या प्रतिकृती बांधल्या, हार्डिंज पुलाचे प्रश्न तिथे तपासले, आणि भारतातल्या १७ पुलांच्या मोजमापांवरून दाखवले की खांबाच्या नाकाशी तळ लेसींच्या सरासरी खोलीच्या साधारण दुप्पट खोलीपर्यंत उकरला जातो. ‘इंग्लिस-पूना’ या नावाचे सूत्र आजही जगभरच्या जलअभियांत्रिकीच्या पुस्तकांत आढळते. इंडियन रोड्स काँग्रेसच्या नियमांतही खांबाजवळची खोली सरासरीच्या दुप्पट धरायची, हाच दंडक आहे. म्हणजे सावित्रीपासून सह्याद्रीच्या एका धारेपलीकडे, मुठेच्या काठी, हा विषय सत्तर वर्षांपूर्वीच शिकवण्याइतका पक्का झाला होता.

पण तारखा शेजारी शेजारी ठेवून पाहाव्यात. सावित्रीचा पूल १९२८चा. लेसींचे समीकरण त्यानंतरचे, इंग्लिस यांचा ग्रंथ १९४९चा. पूल बांधणाऱ्यांनी आपल्या काळाच्या अनुभवाने पाया घेतला असणार, त्याबद्दल त्यांना बोल लावण्याचे कारण नाही. बोल लावायचा तो पुढच्या आठ दशकांना. सूत्र आले ते नव्या पुलांच्या आराखड्यात गेले. जुन्या पुलांचा पाया त्या सूत्राने पुन्हा मोजून पाहावा, ही कल्पना नियमाच्या पातळीवर कधी रुजली नाही. नवा पूल या ज्ञानाचा वारस म्हणून जन्मला आणि जुना पूल, वाहतूक अनेक पटींनी वाढली तरी, आपल्या जन्मकाळच्या अंदाजावर उभा राहिला.

इथे एक रास्त आक्षेप येतो. लेसी आणि इंग्लिस यांचे नियम गंगा-सिंधूच्या गाळाच्या मैदानातले; कोकणातल्या नद्या आखूड, तीव्र उताराच्या, खडक आणि गोट्यांच्या तळाच्या. खडकावर पाया असेल तर तळ उकरला जाण्याची गोष्टच कशाला? आक्षेप अर्धा बरोबर आहे. गाळाचे सूत्र गोट्यांच्या नदीला जसेच्या तसे लावता येत नाही, हे अभियंतेच सांगतात. पण महाडच्या परिसरात सावित्री डोंगर सोडून सपाटीला येते, भरतीचा परिणाम जाणवतो, वेग मंदावतो आणि डोंगरावरून आणलेला सगळा माल ती तिथेच टाकते. शिवाय खडकावर बसवलेल्या दगडी खांबालाही नदी सोडत नाही: ती सांध्यांतला चुना धुते, एकेक दगड मोकळा करते, आणि वाहत येणारे गोटे व ओंडके खांबाच्या पाण्याखालच्या भागावर घणासारखे बसतात. या साऱ्या इजा पाण्याच्या पातळीखाली होतात. दुर्घटनेनंतर नदीपात्रातल्या वाळूउपशाचीही चर्चा झाली, आणि तोही मुद्दा पुन्हा तळाचाच आहे. सावित्रीच्या नेमक्या कोणत्या खांबाने आधी मान टाकली, यावर मी बोट ठेवत नाही. त्याच्यासकट बराचसा पुरावा खाडीकडे गेला. माझा मुद्दा इतकाच की ज्या भागात इजा होण्याची शक्यता सर्वाधिक, तोच भाग आपल्या तपासणीतून वगळलेला असतो.

दुसरा आक्षेप वयाचा. अठ्ठ्याऐंशी वर्षांचा पूल पडणारच, त्यात शोधण्यासारखे काय? याच्या उलट टोकाला ‘इंग्रजांचे बांधकाम पाहा, आजही उभे आहे’ असे म्हणणाऱ्यांची परंपरा आहे. (उभे आहे ते दिसते, जे पडले ते पाहायला कुणी जात नाही.) दोन्ही बाजू वयालाच कारण मानतात आणि दोघांनाही अमेरिकेतली एक घटना निरुत्तर करते. न्यूयॉर्क राज्यातल्या द्रुतगती मार्गावर स्कोहारी नावाच्या छोट्या नदीवरचा पूल १९५४ साली खुला झाला. पोलाद, काँक्रीट, आधुनिक गणित, श्रीमंत देश. पाया मात्र उथळ होता: खांब खाली विटेसारख्या पसरट काँक्रीटच्या चौथऱ्यांवर, हिमनदीने आणलेल्या टणक मातीवर बसवलेले, आणि भोवती संरक्षणासाठी मोठ्या दगडांचे पिचिंग. दुसऱ्याच वर्षी, ऑक्टोबर १९५५ मध्ये, नदीला फार मोठा पूर आला. पूल टिकला. सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला असेल. पण त्या पुराने पिचिंगचे दगड हलवले, आणि ते पुरेसे पुन्हा कधी भरले गेले नाहीत. १९८०च्या सुमारास दुरुस्तीचे काम निघाले तेव्हा नवे दगड टाकण्याचे काम त्या कंत्राटातून वगळण्यात आले. नदीकाठावरून पाहून गरज नाही, असा निर्णय झाला होता. पुलाची नियमित तपासणी होत असे, पाण्याच्या वर. पाण्याखाली एकदाही झाली नव्हती. ५ एप्रिल १९८७ रोजी सकाळी, पुराच्या पाण्यात, एक खांब खचला, दोन गाळे सुमारे ऐंशी फूट खाली पडले, चार मोटारी आणि एक ट्रक नदीत गेला, दहा माणसे मेली. पूल बत्तीस वर्षांचा होता. आणि सर्वांत बोलका भाग हा की १९८७चा पूर १९५५च्या पुरापेक्षा लहान होता.

‘अभूतपूर्व पूर’ या सबबीला याहून कठोर उत्तर मला माहीत नाही. जो पूल मोठ्या पुरात उभा राहिला तो लहान पुरात पडला, कारण मधल्या तीन दशकांत प्रत्येक पुराने आपला थोडा थोडा हिस्सा नेला आणि हिशेब कुणी ठेवला नाही. आपल्याकडे एखादा पूल जबर पुरातून वाचला की तो ‘परीक्षेला उतरला’ असे मानतात आणि पाणी ओसरताच वाहतूक सुरू करतात. स्कोहारीचा धडा नेमका उलटा आहे: वाचलेला पूल हा संशयित मानला पाहिजे. दोनच वर्षांनी, १ एप्रिल १९८९ रोजी, टेनेसी राज्यात हॅची नदीवरचा पूल पडून आठ माणसे गेली, तेव्हा तर पूरही विशेष नव्हता. नदीचे पात्र वर्षानुवर्षे सरकत गेले आणि जे खांब कोरड्या काठासाठी बांधले होते ते मुख्य प्रवाहात आले. पूल जागच्या जागी होता. नदी हलली होती.

तिसरा आक्षेप मला सगळ्यांत जड वाटतो, कारण तो माझ्याच युक्तिवादावर उलटतो. समजा पाण्याखाली पाहिले, इजा दिसली, नोंद झाली. म्हणून पूल वाचेल का? पोर्तुगालमधल्या दोरू नदीवरच्या हिंत्झ रिबेरो पुलाची कथा सांगते की नाही. एकोणिसाव्या शतकातला हा पूल, दगडी खांबांचा. १९८०च्या दशकात पाणबुड्यांनी त्याच्या पायाची पाहणी केली होती आणि एका खांबाजवळचा तळ खचत असल्याची लक्षणे कागदावर आली होती. तरी पुढची वर्षे तशीच गेली. नदीतून वाळू काढण्याचा धंदा मात्र दशकानुदशके जोरात चालला. ४ मार्च २००१ रोजी रात्री नऊनंतर, हिवाळ्यात लागोपाठ आलेल्या पुरांच्या शेवटी, तो खांब गेला. बदामाचा बहर पाहून सहलीवरून परतणाऱ्या लोकांची बस आणि तीन मोटारी पाण्यात गेल्या. ५९ जणांचा मृत्यू झाला, काही मृतदेह समुद्रातून थेट स्पेनच्या किनाऱ्याला लागले. सावित्रीशी असलेले साम्य अंगावर येते: रात्र, बस, पूर, दगडी खांब, वाळू. चौकशीने वाळूउपसा आणि पुरांनी उकरलेला तळ या दोन गोष्टींकडे बोट दाखवले. संबंधित खात्याचे मंत्री जॉर्ज कोएल्यो यांनी लगेच राजीनामा दिला. खटल्यात उभे केलेले अभियंते मात्र २००६ साली निर्दोष सुटले.

म्हणजे पाहणे पुरेसे नाही, हे कबूल करायला हवे. पण पोर्तुगालचा अर्थ ‘पाहून उपयोग नाही’ असा घेणे चूक ठरेल. तिथे पाहणी झाली, पण त्या पाहणीला कोणतीही कृती बांधलेली नव्हती. किती खोलीपर्यंत तळ गेला की पूल बंद, किती पातळीला पाणी आले की वाहतूक थांबवायची, ती कुणी थांबवायची, असा आकडा आणि असे नाव त्या अहवालाला जोडलेले नव्हते. अमेरिकेने स्कोहारीनंतर नेमके हेच केले: १९८८ साली पाण्यावरच्या प्रत्येक पुलाच्या पायाचे तळ उकरला जाण्याच्या दृष्टीने मूल्यमापन बंधनकारक झाले, पाण्याखालची पाहणी पाच वर्षांच्या आत व्हावी असा नियम आला, आणि धोकादायक पुलांसाठी पुराच्या वेळी काय करायचे याचा आराखडा आधीच लिहून ठेवणे आले. त्याने सगळे पूल वाचले असे नाही. १९८९ ते २००० या काळात तिथे कोसळलेल्या ५०३ पुलांचा जो अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात निम्म्याहून अधिक पुलांच्या नाशाला पूर आणि उकरलेला तळ हेच कारण होते. धोका केवढा आहे, हेच त्यातून दिसते.

भारतात लाखभर पूल, पाणबुडे कुठून आणणार, पैसा कुठून आणणार, हे ऐकायला मिळतेच. सावित्रीच्या घटनेनंतर ऑक्टोबर २०१६ मध्ये केंद्राने पुलांची देशव्यापी नोंद ठेवणारी संगणकीय व्यवस्था सुरू केली, चांगलेच झाले. वाहून गेलेल्या पुलाच्या जागी नवा पूल तर काम सुरू झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत उभा राहिला आणि जून २०१७ मध्ये खुला झाला. बांधणे आपल्याला जमते, झपाट्याने जमते. राहतो तो कमी खर्चाचा, कंटाळवाणा, दर पावसाळ्याचा भाग, आणि तो अशक्य आहे असे म्हणायला जागा नाही, कारण तो याच नदीवर चालू आहे. कोकण रेल्वे पावसाळ्यासाठी वेगळे वेळापत्रक लावते, गाड्यांचा वेग कमी करते, मार्गावर गस्त ठेवते आणि काही पुलांवर पाण्याची पातळी धोक्याच्या खुणेला पोहोचली की इशारा देणारी यंत्रणा बसवते. त्या यादीत काळ आणि वाशिष्ठी या नद्या आहेत, आणि सावित्रीही. रेल्वेला हे जमते, कारण तिच्याकडे पूल, रूळ आणि गाडी थांबवण्याचा अधिकार एकाच हातात आहे. महामार्गावर पूल एका खात्याचा, पाणी मोजणारे दुसरे खाते, रस्ता अडवणारे पोलीस तिसरे, वाळूचा परवाना देणारे चौथे. त्या रात्री रस्ता तुटल्याचे आधी लक्षात आले ते पुलाजवळच्या गॅरेजमधल्या माणसाच्या, कुठल्या खात्याच्या नव्हे.

पूल बंद करणे हा निर्णय अप्रिय असतो. महामार्ग अडतो, लोक ओरडतात, आणि पूल पडला नाही तर निर्णय घेणारा भित्रा ठरतो. स्कोहारीच्या पुराने त्याचीही परीक्षा घेतली. पडलेल्या पुलापासून काही मैलांवर, प्रवाहाच्या वरच्या बाजूला, मिल पॉइंट नावाचा दुसरा पूल होता. पाणी चढल्यावर खबरदारी म्हणून तो वाहतुकीला बंद केला होता. पूर येऊन गेल्यावर, द्रुतगती मार्गाचा पूल पडल्यानंतर सहा दिवसांनी, त्याचा मोठा भाग नदीत कोसळला. त्यावर तेव्हा कुणीही नव्हते.